हुबळीहून आणलेली गाडी

बसा मंडळी, बसा! पुढं सरका. मागं खांबाला टेकलेले आजोबा, तुम्हीसुद्धा या — खांब कुठं पळून जात नाही! मृदंगवाले, हात जरा थांबवा. पोरांनो, मोबाईल खिशात. देवाचं नाव मघापासून घेतलं, आता थोडं माणसाचं घेऊ.

आज एकच सवाल विचारतो. जे आपल्याला कुणी केलं तर आपण गाव डोक्यावर घेतो, तेच दुसऱ्याला करताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

हां! माना हलवू नका. मान हलवायला काय जातंय! उत्तर द्या उत्तर! ... नाही ना येत? अहो, मलाही येत नाही. म्हणून तर आख्यान सांगायचं. आख्यानात दुसऱ्याचं नाव असतं, त्यामुळे ऐकायला बरं वाटतं!

मंडळी, ऐका. सीमेजवळचं बाजारपेठेचं गाव. नाव सांगणार नाही. त्या गावचे पाहुणे इथं बसलेत आणि महाप्रसादाला माझं पान त्यांच्याच पंगतीत आहे! त्या गावात आप्पासाहेब तोडकर. कापडाचे मोठे व्यापारी. पेठेत दुमजली दुकान, पांढरीशुभ्र गादी, गादीवर लोड, लोडाला आप्पासाहेब. व्यापारी संघाचे अध्यक्ष! गावात लग्न ठरलं की आधी भटजी आणि मग आप्पासाहेब. कधी कधी आधी आप्पासाहेब.

पण या माणसाच्या काळजात एक दुखणं होतं. कसलं? बायका यायच्या. गादीवर बसायच्या. "ती निळी दाखवा, तिच्या मागची दाखवा, अशीच पण काठ वेगळा असलेली दाखवा!" साड्यांचा ढीग छातीएवढा! चहा झाला, पोराला बिस्कीट झालं, पदर खांद्यावर टाकून आरशात बघून झालं — आणि मग बाई उठायची, चप्पल शोधायची आणि गोड आवाजात म्हणायची, "छान आहेत हो. जरा फिरून येतो!"

फिरून येतो! मंडळी, फिरून येतो म्हटलेलं गिऱ्हाईक कुणी फिरून आलेलं बघितलंय? दुसऱ्या दिवशी तीच बाई, तोच रंग, तोच काठ — बेळगावहून आणलेला! आणि वर त्याच दुकानासमोरून मिरवत जायची! आप्पासाहेबांचा जीव तीळ तीळ तुटायचा. शेवटी त्यांनी पेंटर बोलावला आणि भिंतीवर बोर्ड लिहून घेतला: "फिरून येणाऱ्यांनी आधी फिरून यावे, मग साड्या उघडायला सांगाव्यात."

हसता काय? खरं आहे! व्यापारी संघाच्या सभेत तर माईक धरून गरजले, "गावात कमवायचं आणि बाहेर उधळायचं, ही गद्दारी आहे गद्दारी! दुकान म्हणजे काय नुसता माल नव्हे. दुकान म्हणजे माणूस बसलेला असतो तिथं, तुमची वाट बघत!" टाळ्या! काय टाळ्या! पहिल्या रांगेत एक माणूस तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचं नाव सुबराव लोहार.

हा सुबराव कोण? आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. पुढं कर्ज काढून त्यानं मार्केट यार्डाजवळ विजेच्या गाड्यांची एजन्सी घेतली. काचेची शोरूम, आत दाखवायला एकच गाडी, आणि कोपऱ्यात कंपनीनं दिलेलं तपासणीचं मशीन. गाडीची माहिती सात वेळा समजावून सांगील, पण माणूस तोंडानं तिखट! "डिस्काउंट?" म्हटलं की म्हणायचा, "डिस्काउंट पाहिजे तर एक चाक काढून घेतो!" गोड बोलणं त्याला जमायचं नाही. काही माणसांना नाहीच जमत मंडळी, आणि त्यांचं नुकसान होतं.

आता आप्पासाहेबांना गाडी कशाला हवी? ऐका. त्यांना एकच लेक. रेणू. लग्न ठरलं. सासर चांगलं, दीड तासाच्या वाटेवर. एकदा जेवताना आप्पासाहेबांनी विचारलं, "रेणे, बापाकडनं काय पाहिजे तुला? सांग! सोनं, फ्रीज, काय पाहिजे ते!"

पोरगी म्हणाली, "आप्पा, मला सासरी तुम्ही स्वतः सोडायचं. तुमच्या गाडीतनं. तुम्ही चालवायची आणि मी शेजारी बसायचं."

बास! आप्पासाहेबांचा घास हातात राहिला. का? अहो, या माणसाला गाडीच येत नव्हती! तरुणपणी एकदा भावाची जीप धरली. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला याचा मेळ बसेना, आणि जीप गेली सरळ आठवडी बाजारात, मडक्यांच्या ढिगावर! तेव्हापासून स्टेअरिंग म्हटलं की हाताला घाम. पण लेकीनं मागितलं होतं. आणि कुणीतरी सांगितलं, विजेच्या गाडीला क्लच नसतो. गिअर नसतात. ही गाडी तुम्हाला जमंल!

झालं. आप्पासाहेब निघाले सुबरावकडं!

आणि मंडळी, सुबरावनं त्यांना गाडी शिकवली. हो, शिकवली! विकायच्या आधी! रोज सकाळी मार्केट यार्डाचं मैदान मोकळं असतं, तिथं आप्पासाहेब स्टेअरिंगवर, सुबराव शेजारी. "आप्पासाब, स्टेरिंग हाय ते, कापडाच्या ठाणाची गाठ न्हवं! एवढं आवळू नगा!" "आप्पासाब, ब्रेकवर पाय ठेवायचा, उभं न्हाई ऱ्हायचं!" शिव्या खाल्ल्या आप्पासाहेबांनी, पण शिकले. एक दिवस गाडी घेऊन पेठेतून गेले, चिंचोळ्या पेठेतून, आणि कुणाच्या टोपलीलासुद्धा धक्का लागला नाही! डोळ्यांत पाणी आलं हो त्या माणसाच्या. उतरून सुबरावचा हात धरला. "लेका, तू माझ्या पोरीची हौस पुरी केलीस!"

शिकताना आणखी एक गोष्ट आप्पासाहेबांनी बघितली. लक्ष द्या, पुढं लागणार आहे! सुबरावकडून कुणी गाडी घेतली की बायका ताट घेऊन यायच्या. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ, सगळं साग्रसंगीत. आणि सुबराव काय करायचा? गाडीच्या बाजूला जिथं चार्जिंगची वायर लावतात, त्या झाकणावर पालथा तळवा ठेवून उभा राहायचा! आरती संपेपर्यंत हलायचा नाही. आप्पासाहेबांना वाटलं, काय हौस आहे याला फोटोत यायची!

मग एक दिवस सुबराव म्हणाला, "आप्पासाब, करायची का बुकिंग?"

आप्पासाहेबांनी गाडीवरून हात फिरवला. दार उघडलं, लावलं. चहाचा शेवटचा घोट घेतला. चप्पल घातली आणि म्हणाले —

काय म्हणाले असतील? म्हणा की! लाजता कशाला?

"गाडी छान आहे रे सुबराव. जरा फिरून येतो!"

अरे देवा! बोर्ड कुणाच्या भिंतीवर होता? आणि वाक्य कुणाच्या तोंडात आलं? पण आप्पासाहेबांच्या कानाला ते ऐकूच गेलं नाही. गल्ल्याच्या आत बसलं की एक कान चालतो आणि बाहेर आलं की दुसरा. आपलेही तसेच आहेत. चाचपून बघा!

फिरून कुठं गेले? थेट हुबळीला! पलीकडच्या राज्यात तीच गाडी चाळीसेक हजारांनी कमी पडते, असं कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. आणि हुबळीची शोरूम! काय सांगू थाट! आत शिरताच थंडगार हवा, गुलाबी सरबत, मुली नमस्कार करतायत, "वेलकम सर, वेलकम सर!" आयुष्यभर दुसऱ्यांना "या ताई, बसा ताई" म्हणणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणत होतं. विरघळले! गळ्यात हार, हातात पुठ्ठ्याची दाराएवढी किल्ली, फोटो! सेल्समन म्हणाला, "सर, कुछ भी प्रॉब्लेम हो, एक फोन कीजिए!"

घेतली गाडी. काचेला टेंपररी नंबरचा कागद चिकटवून निघाले. चालवली कुणी? स्वतः आप्पासाहेबांनी! आणि कुणी शिकवलेलं कामाला आलं? सुबरावनं! वळणावर ब्रेकवर पाय ठेवताना त्याचाच आवाज कानात, "उभं न्हाई ऱ्हायचं!" पण गाव आलं, मार्केट यार्ड आलं, काचेची शोरूम आली, सुबराव दारात उभा — आणि आप्पासाहेबांना एकदम एसीची जाळी नीट करायची आठवण झाली! मान खाली घालून गाडी पुढं.

आता तुमच्यातला कुणीतरी मनात म्हणतोय, "बुवा, स्वस्त मिळालं तर घेऊ नये का?" घ्यावं की! जरूर घ्यावं! पैसा तुमचा, घाम तुमचा. पण मग शिकायलाही हुबळीला जायचं होतं! सकाळी सकाळी हुबळीवाल्याला म्हणायचं होतं, "बस बाबा माझ्या शेजारी, शिव्या दे मला!" शिकायचं इथं आणि चेक फाडायचा तिथं — याला काय म्हणायचं ते आप्पासाहेबांनीच माईकवरून सांगितलंय.

बरं, मोठ्या माणसाचं एक असतं. तो जिकडं जातो तिकडं चार जण जातात. "अध्यक्षांनी हुबळीहून आणली म्हणजे विचार करूनच आणली असणार!" डॉक्टर गेले, पिठाच्या गिरणीवाले गेले, सोनार गेला. ज्यांनी सुबरावकडं रंगसुद्धा पसंत केला होता, तेच! आप्पासाहेब त्यांना हौसेनं पत्ता देत होते. वर सांगत होते, "सरबत मागून घ्या, देतात!"

आणि सुबराव? रोज शटर वर करायचा, गाडीवरची धूळ पुसायचा, दारात बसायचा. माणूस बसलेला होता तिथं, मंडळी. वाट बघत.

आता आली लग्नाची घटका. आदल्या दिवशी दुपारी गाडीची पूजा. मांडवात पाहुणे जमलेले. लिंबं ठेवली, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. आप्पासाहेब रंगात आलेले! तेवढ्यात त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना नैवेद्य झाला, गाडीला नाही दाखवला! हिचं तोंड कुठंय?"

आप्पासाहेब हसले. जाणकार माणूस! "वहिनी, पेट्रोलच्या गाडीचं तोंड टाकीत. ही वीज खाते. हिचं तोंड हे!"

आणि त्यांनी झाकण उघडलं! तेच झाकण! ज्यावर सुबराव तळवा ठेवून उभा राहायचा, तेच! आत हळद वाहिली. कुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या. आणि वर पळीभर पंचामृत! दूध, दही, तूप, मध, साखर — घे माये, पोटभर घे! सगळ्यांनी हात जोडले. "हर हर महादेव!"

हुबळीच्या शोरूमला दोष नाही देत मी. त्यांनी हार घातला, सरबत दिलं. पण आपल्या बायका गाडीला नैवेद्य दाखवतात, हे त्यांच्या कुठल्या पुस्तकात असणार? ते सुबरावला ठाऊक. कारण तो आपल्यातला. त्याची आईसुद्धा ट्रॅक्टरच्या टाकीत गूळ टाकायला निघाली होती!

संध्याकाळी चार्जिंगला लावली. लग्नाच्या धावपळीत दोन दिवस गावभर फिरून बॅटरी तळाला गेलेली. लाल दिवा! परत लावली — लाल. पुसून लावली — लाल. चार्ज चढायचं नाव नाही! आप्पासाहेबांनी फोन लावला. एक फोन कीजिए म्हणाला होता ना? पाचव्यांदा उचलला. "सर, आपके नजदीक के डीलर को दिखाइए ना!" आणि कट!

नजदीक का डीलर! म्हणजे कोण? सुबराव! रात्रभर त्यांनी स्वतःला समजावलं, सुबराव लग्नाला येईलच, आमंत्रण दिलंय, आपलाच माणूस आहे, दोन शिव्या देईल आणि करून देईल. त्याच्या शिव्या खायला ते तयार होते हो! मनापासून तयार होते.

आणि सुबराव आला. स्वच्छ सदरा घालून आला, अक्षता टाकल्या, रेणूच्या हातात आहेराचं पाकीट दिलं. पंगतीत जिलेबी खात होता. फेटा घातलेले आप्पासाहेब त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"सुबराव, जेवण झाल्यावर जरा गाडी बघतोस का आपली?"

"आपली? आपली न्हवं, आप्पासाब. हुबळीची."

"चेष्टा नको रे! दुपारी रेणूची पाठवणी आहे. मीच सोडणार म्हणून शब्द दिलाय पोरीला."

रेणूचं नाव निघाल्यावर सुबरावनं जिलेबी तशीच ठेवली. हात धुतला. गाडीपाशी गेला, झाकण उघडलं. आणि काय दिसलं? मुंग्या! रांग लागलेली मुंग्यांची, लाल कुंकवातून वाट काढून थेट गाडीच्या पोटात! मध होता ना! गाडीला चढला नसेल, पण मुंग्यांना नैवेद्य पोचला होता!

सुबराव हसला नाही. एवढंच म्हणाला, "हे पुसून भागत न्हाई, आप्पासाब. आतला भाग उतरवाय लागतोय. तपासणीचं मशीन लावाय लागतंय."

"मग लाव की! तुझ्याकडं आहे ना मशीन?"

"हुतं. गेल्या आठवड्यात कंपनीनं नेलं. दाखवायची गाडी बी नेली. गाड्या खपंनात म्हणून एजन्सी काढून घेतली. शोरूम मोकळी हाय, भाड्यानं देणार हाय."

आप्पासाहेबांनी त्याचा दंड धरला. "अरे, पण... मला बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुमी म्हणाला हुता, जरा फिरून येतो." सुबराव त्यांच्याकडं बघत नव्हता, मुंग्यांकडं बघत होता. "मला खरंच वाटलं, तुमी याल. सगळ्यांचं सोडा. तुमचं खरं वाटलं, कारण तुमच्या भिंतीवर तसा बोर्ड हाय."

मंडळी, या माणसानं सूड उगवला का? नाही! सूड उगवला असता तर आप्पासाहेबांना बरं वाटलं असतं. पाया पडले असते, हात जोडले असते, मिटलं असतं. पण पाया पडून मिळावं असं तिथं काही उरलंच नव्हतं. आपल्याच हातानं संपवलं होतं, आणि संपवताना वरून पत्ता वाटला होता — सरबत मागून घ्या!

दुपारी पाठवणी झाली. हुबळीची गाडी मांडवाच्या कडेला, फुलांनी मढवलेली, जागची हलली नाही. टेंपररी नंबरचा कागद उन्हानं सुटून काचेवर लोंबत होता. रेणू नवऱ्याकडच्या गाडीपाशी आली. आप्पासाहेब तिथं उभे, किल्ली मुठीत.

रेणू म्हणाली, "आप्पा, गाडीचं एवढं मनाला लावून घेऊ नका. मी गाडी मागितली नव्हती."

"मग काय मागितलं होतंस गं?"

"तुमच्या शेजारी बसायचं होतं मला. दीड तास."

आणि बसली. पलीकडच्या गाडीत, दोन आत्यांच्या मधे. काच वर गेली. धूळ उडाली. गेली!

विठ्ठल, विठ्ठल! मृदंगवाले, नको, वाजवू नका. शांत राहू दे थोडं.

चार दिवसांनी दुकान उघडलं. एक बाई आली. निळी दाखवा, हिरवी दाखवा. ढीग झाला, चहा झाला. बाई उठली, चप्पल घातली. "छान आहेत हो. जरा फिरून येतो." नोकर आप्पासाहेबांच्या तोंडाकडं बघायला लागला, आता भडका उडणार! आणि आप्पासाहेब? स्वतः उठले, स्टुलावर चढले, आणि भिंतीवरच्या बोर्डवर एक जुनं पांढरं धोतर टाकून तो झाकला. मग खाली बसले आणि साड्यांच्या घड्या घालू लागले.

झालं आख्यान! सुटलो म्हणून उठू नका. अजून तुमचं व्हायचंय!

सप्ता कमिटीचे अध्यक्षसाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, तुमच्याशीच बोलतो. पंधरा वर्षं मी या सप्त्यात उभा राहतो. कधी? मधल्या दिवशी! जेव्हा निम्मा मांडव रिकामा असतो आणि अर्धे टाळकरी जांभया देत असतात! शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला कोण येणार? बाहेरचे महाराज! काळ्या काचेची गाडी, मागं दोन गाड्या, मोबाईलवर लाखो बघणारे. गावभर फ्लेक्स लागलेत. मी येताना वाचले. माझा फ्लेक्स नाही. हरकत नाही, माझा फोटोही बरा येत नाही!

अहो, ऐका ना त्यांचं कीर्तन! मीसुद्धा मागं बसून ऐकणार आहे. चांगलं बोलतात. पण तुमच्या पोरांना टाळ धरायला कुणी शिकवलं? या मंडळींच्या तोंडात हरिपाठ कुणी बसवला? तुमच्या घरात कुणी गेलं आणि दहाव्याच्या प्रवचनाला बुवा पाहिजे झाला, की फोन कुणाला जातो? काळ्या काचेच्या गाडीला? करून बघा एकदा! तिथून उत्तर येईल — नजदीक के बुवा को दिखाइए!

आता हसू थांबलं, होय ना? बरं झालं.

मी रागावलेलो नाही. सुबरावही रागावला नव्हता. तुमचा फोन आला तर मी येणार. हातातला घास ठेवून येणार. फक्त एवढंच सांगतो — माझा थोरला मुलगा पुण्याहून रोज म्हणतोय, "बाबा, तिथं कशासाठी राहिलाय? कोण विचारतंय तुम्हाला?" आणि मी त्याला रोज सांगतो, थांब रे, मंडळी जरा फिरून येतो म्हणालीत.

घ्या टाळ हातात. म्हणा त्याचं नाव. आणि म्हणताना शेजारच्याकडं बघा, तो आहे तोवर.